तोंडातला विडा

माझ्या अक्षराची आधी माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आला तो कुठं सही करायची असली तरच. ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं, मला कळत नाही. काना राहून जातो. ओळ सरळ राहत नाही, उतारावरच्या पाण्यासारखी खाली खाली जाते. हे कोणी वाचणार नाही, तरी माफी मागितली. सवय आहे.

"अंगाचं काय करायचंय आपल्याला? नुसतं मुंडकं पायजे."

असं भाऊ म्हणाले आणि अंगणातली सगळी माणसं हसली.

भाऊ म्हणजे नांदेडमधले सिमेंट-लोखंडाचे दुकानदार. त्यांच्या कॉलनीच्या देवी मंडळाचे अध्यक्ष. मी त्यांच्या घरी धुणंभांडी करायची. त्या दिवशी भांडी आटपून हात पुसत होते, तेवढ्यात वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, मला अंगणात बोलावलं. मंडळाची माणसं खुर्च्या टाकून चहा पीत होती. एक सुतार उभा होता. भाऊंनी माझ्याकडे बोट केलं आणि त्याला सांगितलं, हिचं माप घे. सुतारानं विचारलं, कशाचं, उंचीचं का? तेव्हा भाऊ ते बोलले.

सुतारानं माझ्या गळ्याभोवती टेप धरला. तो लाजत होता, बोटं लागू देत नव्हता. भाऊ म्हणाले, "जरा सैल ठेव. गुदमरून मेली तर दुसरी कुठून आणू?" पुन्हा हसले सगळे. मीही हसले. गळ्याला टेप असताना हसलं की तो घट्ट होतो, हे मला तेव्हा कळलं.

मंडळाला नवरात्रात सजीव देखावा करायचा होता. माहूरच्या रेणुकामाईचा. पोत्यांवर प्लास्टर थापून डोंगर करायचा. डोंगराच्या टोकाला फळी, फळीला भोक, भोकातून एका बाईचं डोकं वर. बाकीची बाई डोंगराच्या पोटात, अंधारात स्टुलावर. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की डोंगरातून देवीचं मुख वर आलं. माहूरला देवीचं मुखच आहे. आमच्या भागातल्या लेकरालाही हे सांगावं लागत नाही.

वहिनींच्या मते माझा चेहरा देवीचा होता. गोल, कपाळ रुंद, डोळे मोठे. "सोन्यासारखा चेहरा हाय गं तुझा, भांड्यात वाया चाललाय," म्हणाल्या. त्याच घरात माझा चहाचा कप मागच्या खिडकीत पालथा ठेवलेला असायचा. कान तुटलेला. आमची जात त्यांना ठाऊक होती. मंडळातल्या एकानं हळू आवाजात ती गोष्ट काढलीसुद्धा. भाऊ म्हणाले, शेंदूर फासल्यावर काय दिसून राहिलंय.

मी हो म्हणाले, कारण माझ्या अंगावर उचल होती. नवरा जाऊन लई वर्षं झाली. एकच लेक, दत्ता. तो भाऊंचा टेंपो चालवतो. त्या उन्हाळ्यात त्याच्या हातून टेंपो पुलाच्या कठड्याला घासला. दुरुस्तीचा खर्च भाऊंनी त्याच्या नावावर लावला आणि त्याला काढायला निघाले. मी म्हणाले, माझ्या नावावर घ्या, माझ्या पगारात कापा. ते कापत होते आणि उचल होती तिथंच होती. आता भाऊ म्हणाले, नऊ माळा फळीत बसलीस की सगळी माफ. मला विचारलं, असं लिहिणार होते. पण विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.

माझं माहेर हदगाव तालुक्यातलं. लहान असताना माय मला माहूरला घेऊन गेली होती. एसटीत ओकले, मग पायऱ्या चढले. तिथं देवीला विड्याचा प्रसाद असतो. पानं, कात, सुपारी, बडीशेप खलबत्त्यात कुटून त्याचा लगदा करतात. त्याला तांबूल म्हणतात. देवीला द्यायचा, मग तोच आपण खायचा. माझ्या तळहातावर मायनं तो ठेवला. मी विचारलं, माय, देवीचं अंग कुठाय? मायनं पायरीवर बसून सांगितलं. नवऱ्यानं हुकूम केला, लेकानं मान उडवली. मग लेकच रडत बसला. त्याला सांगितलं होतं, तुझी माय डोंगरातून वर येईल, पण मागं वळून बघू नको. यानं बघितलं. तेवढीच वर आली, गळ्यापर्यंत.

"मंग बाकीची?"

"बाकीची आत. बरं झालं. पुरी वर आली असती तर पुन्हा पाणी भरायला लावलं असतं."

माय शाळेत एक दिवसही गेली नव्हती.

देखाव्यातली गोष्ट मात्र एका भारदस्त पुरुषाच्या आवाजात भरून आणली होती. गर्दी आत आली की ती लावायची, ती गर्दी गेली की दुसऱ्या गर्दीला पुन्हा पहिल्यापासून. रेणुका रोज नदीवर जायची. वाळूचा कच्चा घडा करायची आणि त्यात पाणी आणायची. ती पतिव्रता, म्हणून घडा विरायचा नाही. एक दिवस नदीत एक राजा राण्यांसोबत खेळताना तिला दिसला. तिचं मन चळलं. घडा विरला. उशीर झाला. ऋषी संतापले आणि मुलांना म्हणाले, आईला मारा. चौघं नाही म्हणाले, ते दगड झाले. पाचव्यानं परशू उचलला.

ऋषी आणि परशुराम मोटारीवर हलणारे पुतळे होते. एकाचा हात वर-खाली व्हायचा, दुसऱ्याचा परशू. चार भावांच्या जागी खरेच चार दगड मांडले होते, मोठे, काळे. गोदावरीच्या काठावरून दत्तानंच ते टेंपोत आणले होते. सगळ्या देखाव्यात जिवंत एकटी मीच.

माझं काम डोळे मिटून थांबायचं. शेवटी ढोल वाजायचा, धूर सुटायचा, आवाज म्हणायचा, आणि माता प्रकट झाली. तेव्हा डोळे उघडायचे. बोलायचं नाही, शिंकायचं नाही. नाकावर माशी बसली तर बसू द्यायची. रोज संध्याकाळी वहिनी स्वतः मला सजवायच्या. चेहऱ्याला शेंदूर, मोठं कुंकू, नथ. फळीचे दोन भाग होते, गळ्याभोवती मिटवून खालून बोल्ट कसायचे. ते कसले की मग वहिनी माझ्या तोंडात विडा भरायच्या. देवीच्या ओठातून लाल ओघळ दिसला पाहिजे म्हणून.

मग बाया यायच्या. जिन्यात मी दिसले की पदर आवरून भिंतीला लागणाऱ्या बाया. माझ्यासमोर खण-नारळ ठेवायच्या. एकीनं रडत रडत नवस बोलला, सुनेला दिवस जाऊ दे म्हणून. तिच्याकडेही मी भांडी घासली होती, तिची मोलकरीण गावाला गेली तेव्हा. तिनं अर्ध्या दिवसाचे पैसे कापले होते. मला हसू येत होतं आणि हसता येत नव्हतं. तोंडात विडा होता.

एकच गोष्ट रोज संध्याकाळभर ऐकली की तिची शिवण उसवायला लागते. दुसरं काही करायला नव्हतं, म्हणून मी उसवत बसले.

वाळूचा घडा. माठ नाही, हंडा नाही. एवढा मोठा आश्रम, त्यात तिला एक भांडं कोणी का दिलं नाही? वाळूचा घडा विरणारच. तो रोज टिकत होता, ते तिच्या हाताचं कसब. एक दिवस विरला तर मन चळलं कसं? लग्न होऊन गेले तेव्हा मीही लांबून पाणी आणलंय. विहिरीवर रांग असते. दोर तुटतो. पाय घसरतो. कधी एखादी बाई आपलं दुःख सांगायला लागते, तिला टाकून येता येत नाही. आणि कधी नुसतंच पाण्याकडे बघत उभं राहावंसं वाटतं. घरी आलं की सासू विचारायची, कुठं होतीस एवढा वेळ? खरं सांगितलं तरी ते खोटं वाटायचं.

ती राजाकडे बघत होती म्हणतात. मला वाटतं, ती राण्यांकडे बघत असेल. पाण्यात नुसत्याच खेळणाऱ्या बाया. पाणी न भरणाऱ्या.

त्या आवाजानं सांगितलं, नंतर ऋषी प्रसन्न झाले आणि तिला जिवंत केलं. मग दुसऱ्या दिवशी पाणी कोणी आणलं? त्या लेकाला तिनं जेवायला वाढलं का? वाढताना त्याच्या हाताकडे बघितलं असेल का? ते कोणी सांगत नाही. ज्यानं मारलं त्याचं नाव तो आवाज पुन्हा पुन्हा घ्यायचा. ज्यांनी नाही म्हटलं त्यांचं एकदाही नाही.

हे सगळं माझ्या मनात. वर चेहरा शांत. लोक म्हणायचे, काय तेज हाय.

तिसऱ्या माळेला अंधारात माझ्या पायाला काहीतरी लागलं. मला वाटलं, मांजर असेल. मग बोटं कळली. डोंगराच्या पोटात धुराच्या यंत्रावर एक माणूस असायचा. त्याला भाऊंनी चहाला पाठवलं होतं. ते नंतर कळलं. तेव्हा कळली ती अंगठी. तिचा खडा माझ्या पोटरीला टोचला. ती अंगठी मी रोज सकाळी त्यांच्या बेसिनवरून उचलून कपाटात ठेवायची. मी पाय आखडला. हात मागोमाग आला. पोटरीवरून वर.

वर आरती सुरू होती. लोक माझ्या चेहऱ्याला हात जोडत होते. गळ्याभोवती फळी, मान वळत नव्हती. तोंड भरलेलं. फळीच्या वर मी देवी होते. खाली कोण होते?

दुसऱ्या दिवशी सजताना मी वहिनींना म्हणाले, डोंगरात शिरायच्या जागेचा पडदा शिवून घ्या. बस, एवढंच. यापेक्षा जास्त मला बोलता आलं नाही. त्यांनी वर बघितलं नाही. कुंकू नीट केलं आणि विडा भरला. त्या दिवशी विडा मोठा होता. गाल फुगले माझे. मला वाटलं, मायेनं भरला असेल.

त्या संध्याकाळीही हात आला.

पाचव्या माळेला गर्दी लई होती. पुढं बाया बसलेल्या, मागं पुरुष, सगळ्यांचे फोन वर. गोष्ट सुरू झाली. नदी. घडा. उशीर. ऋषीचा हात वर-खाली. मी डोळे मिटले होते आणि हाताची वाट बघत होते. तेच मला सहन झालं नाही. हात नाही, हाताची वाट बघणं. बैल जोखडाची बघतो तशी.

आवाज म्हणाला, आणि माता प्रकट झाली. मी डोळे उघडले. तेवढ्यात आत बोटं लागली.

मी विडा थुंकला. तो खाली गेला आणि त्या चार दगडांतल्या एकावर पडला. लाल.

"भाऊ, माझ्या पायावरचा हात काढा."

मी ओरडले नाही. मला ओरडता येत नाही. साबण संपला म्हणून रोज वहिनींना सांगायची, त्या आवाजात बोलले.

पुढच्या दोन ओळींतल्या बायांनी ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मागं ढोल वाजत होता, तिथं काहीच ऐकू गेलं नाही. मागच्यांना एवढंच दिसलं की देवी थुंकली. कोणीतरी हसलं. एक म्हातारी म्हणाली, कोपली गं माय. मग कोणीतरी ढोल बंद केला. आतला हात निघून गेला होता. थोड्या वेळानं भाऊ पुढच्या बाजूनं आले, हात जोडून उभे राहिले आणि लोकांना म्हणाले, बाईला फिट आली, माफ करा.

मला पळून जाता आलं नाही. बोल्ट कसलेले होते. माझं मुंडकं तिथंच डोंगरावर, आणि मंडळाची माणसं त्याच्यासमोर उभं राहून मला बोलत होती. देवीचा अपमान केला. जातीवर गेली. घरात घेऊ नये असल्यांना. थोड्या वेळापूर्वी ज्या चेहऱ्याला नमस्कार केला त्याच चेहऱ्याला. शेंदूर तोच होता. एकीनं माझ्या तोंडावर गोमूत्र शिंपडलं. डोळ्यात गेलं. पुसायला हात वर येत नव्हते.

भाऊंनी दत्ताला हाक मारली. "दत्ता, तुझ्या मायला गप कर. घेऊन जा."

दत्ता टेंपोतला पाना घेऊन डोंगरात शिरला. माझ्या गळ्याखालचे बोल्ट त्यानंच सोडले. टेंपोत बसल्यावर म्हणाला, "उगं बसली असतीस तर काय झालं असतं माय? चारच माळा ऱ्हायल्या होत्या."

सकाळी भाऊंकडून निरोप घेऊन तोच आला. मंडळासमोर यायचं. देवीपुढं कान धरायचे. माझ्या डोक्यावर परिणाम झालाय, मी खोटं बोलले, एवढं म्हणायचं. मग उचल माफ. नाहीतर उचल अंगावर आणि कामही बंद. दत्तानं माझा दंड धरला होता.

"चल माय. दोन शब्द तर बोलायचेत. मपल्या नोकरीचा सवाल हाय."

मी विचारलं, ते चार दगड तूच आणले होतेस ना.

"हाव. मंग?"

"त्यातला एक झाला असतास तर मला चाललं असतं."

त्याला लगेच कळलं नाही. मग कळलं. त्यानं दंड सोडला. त्या दिवशी जेवायला आला नाही. पुढं दुकानाच्या गोदामातच झोपायला लागला.

मी माफी मागायला गेले नाही. राहिलेला पगार मागायला गेले. भाऊ दारातच होते. म्हणाले, कसला पगार, उचलीत वळता झाला. मी तिथंच उभी राहिले. माझं तोंड उघडतंय असं त्यांना वाटलं असेल. म्हणाले, "आधी उचल फेड, मंग तोंड उघड. माझ्या पैशावर जगून मलाच बोलून राहिलीस?"

घराच्या मागच्या बाजूनं निघाले तर खिडकीत वहिनी. हातात माझा तो कप होता, कानतुटका. टाकायला काढला असेल. माझ्याकडे न बघता बोलल्या.

"मला म्हाईत होतं गं. म्हणून तर विडा मोठा देत होते. तू बोलली असतीस तर मी कुठं तोंड दाखवू?"

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. नुसता थकवा आला, पायातून वर येतो तसा. तिच्या तोंडातही कोणीतरी विडा भरला असणार. तिचा इतका जुना की तो तिला विडा वाटतच नव्हता.

तो व्हिडिओ सगळीकडे गेला. ढोलाच्या आवाजात माझं बोलणं बुडालंय. थुंकलेलं मात्र स्वच्छ दिसतं. ऑटोत बसले की लोक माझ्याकडे आणि फोनकडे बघायचे. आमच्या वस्तीतल्या बायाही म्हणाल्या, बोलायचं होतं तर बोलायचं, थुंकायचं कशाला? विडा तोंडात ठेवून कसं बोलायचं, ते कोणी सांगितलं नाही. नांदेडात काम मिळेना. वस्तीतली एक बाई लातूरला मेसमध्ये होती, तिनं मला नेलं.

लातूरला कुठून कुठून पोरं-पोरी शिकवणी लावायला येतात. मेसमध्ये त्यांच्यासाठी पोळ्या लाटायच्या. सकाळी लाटायच्या, संध्याकाळी लाटायच्या. मधल्या वेळात पाठ टेकायची. तव्याच्या धगीनं तोंड करपतं. कोणी माझ्याकडे बघत नाही, हे मला बरं वाटायचं. एकदा जेवताना पोरी फोनवर काहीतरी बघून हसत होत्या. एकीनं मला दाखवलं, मावशी, ही बघा देवी थुंकली. मीच होते. शेंदूर आणि नथ. आता माझ्या चेहऱ्यावर पीठ होतं. तिनं ओळखलं नाही.

"कामून थुंकली असंल हो मावशी?"

मी पोळी उलटली. सांगावंसं लई वाटलं. उचल अंगावर होती. भाऊ समोर नव्हते, लातूरला त्यांना कोणी ओळखतही नव्हतं, तरी त्यांचं ते वाक्य तोंडात होतं. आधी फेड. मला वाटलं, फेडल्याशिवाय बोलले तर हे लोक म्हणतील, पैसे बुडवायचे म्हणून बोलली. म्हणून गप राहिले. पोळ्या लाटत राहिले. दर महिन्याला वस्तीतल्या बाईच्या हातून पैसे जात राहिले. दत्तानं एकदा निरोप पाठवला की अर्धे मी भरतो. मी नको म्हणाले.

शेवटचे पैसे मी कोणाच्या हाती दिले नाहीत. बसनं नांदेडला गेले आणि दुकानात जाऊन उभी राहिले. गिऱ्हाईक होतं. बांधकामवाले, एक नवरा-बायको घराचं सिमेंट घ्यायला आलेले. दत्ता बाहेर टेंपोत पोती चढवत होता. भाऊंनी मला आधी ओळखलं नाही. मी पैसे गल्ल्यावर ठेवले. त्यांनी अंगठा ओला करून मोजले. तीच अंगठी.

"हां. पुरे हायेत. मिटला व्यवहार. जा आता."

मी म्हणाले, "तुम्ही म्हणला होता, उचल फेड, मंग तोंड उघड."

ते हसले. मग गिऱ्हाइकाकडे बघितलं आणि हसायचे थांबले. बाहेर वळून म्हणाले, "दत्ता, ने रे तुझ्या मायला."

दत्ता दारात आला होता. खांद्यावर पोतं. सिमेंटनं डोक्यापासून पायापर्यंत करडा झालेला, पापण्यासुद्धा. तो हलला नाही. भाऊंनी पुन्हा हाक मारली. तरी हलला नाही. भ्यायला होता की नाही म्हणत होता, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. ते त्याचं त्याला माहीत.

मी गिऱ्हाइकांकडे तोंड केलं आणि सांगितलं. पहिल्यापासून. टेप, फळी, विडा, अंगठी. साबण संपल्याच्याच आवाजात. ती घर बांधणारी बाई ऐकत राहिली. तिचा नवरा म्हणाला, चल, आपल्याला काय करायचंय. ती जागची उठली नाही. सांगून झालं तशी मी निघाले. भाऊ मागून काय म्हणाले ते मी लिहित नाही. शिव्याच होत्या.

यंदा मंडळ पुन्हा डोंगर बांधणार आहे. लोकांना देखावा आवडला होता म्हणे. नवी बाई बघितलीय, आमच्याच वस्तीच्या पलीकडची. तिच्या नवऱ्याच्या नावावर उचल आहे. सुतार माप घेऊन गेला. तिचं घर मला माहीत झालंय. नवरात्राच्या आधी मी तिच्याकडे जाणार आहे. ती ऐकणार नाही, असंही होईल. मग पहिल्या माळेला मी पुढच्या ओळीत बसणार आहे, तिला दिसेल अशी. ढोल वाजायच्या आधी उभी राहीन आणि बोलेन. तेव्हा ज्यांना फोन वर धरायचे त्यांनी धरावे.

मेसमधली ती पोरगी अजून इथंच आहे. आज संध्याकाळी तिला सांगणार आहे, ती बाई कामून थुंकली. बोलायचं होतं म्हणून.

वर माफी मागितली ती अक्षराची. दुसऱ्या कशाची नाही. उचल पुरी फिटली आहे. तोंडात आता काही नाही.